नळ निजवणारे हवालदार

पाचगणीला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात माझा हंडा पालथा. शेजारी बादली पालथी, तांब्या पालथा, मांजरासाठी ठेवलेली करवंटीसुद्धा पालथी. आदल्या संध्याकाळी विहिरीवरून चार खेपा करून मी ते पाणी भरून ठेवलं होतं. आत हे तापाने फणफणलेले, जागा नवी, ओळखीचं एक माणूस नाही. आधी मला रडू आलं, मग राग आला. "कुणी केलं हे?" म्हणून मी मोठ्याने ओरडले.

बंगल्याच्या कोपऱ्यावरून एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस आला. पन्नाशीचा असेल. अंगात पलटणीतला खाकी कोट, तो त्याच्या घोट्यापर्यंत पोचत होता. कोटाची पितळी बटणं केव्हाच गेली होती, त्या जागी लाकडाच्या खुंट्या शिवल्या होत्या. पाय अनवाणी.

"म्या वतलं," तो म्हणाला.

"अहो, पण का?"

"थंडीच्या दिसात पानी उघड्यावर ठिवायचं न्हाई, मास्तरीणबाई. सांजंला आत घ्यायचं. न्हाई घेतलं तर मी रोज वतनार."

एवढं बोलून त्याने हंडा उचलला, विहिरीवर गेला आणि चार खेपा करून माझं सगळं पाणी होतं तसं भरून स्वयंपाकाच्या खोलीत आणून ठेवलं. शेवटी करवंटी भरली, तीही आत आणली आणि चुलीजवळ ठेवली. मांजर मागोमाग आत आलं.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. मीही तेच म्हणत गेले. त्यांचं खरं नाव मला कळलं ते फार उशिरा, आणि ते इथे लिहावंसं वाटत नाही.

आम्ही पाचगणीला हौसेने आलो नव्हतो. हे सांगलीला शाळेत शास्त्र शिकवत. लढाई चालू असतानाच ह्यांना खोकला लागला, तो हटेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे न बघता पाचगणीचं नाव सांगितलं. सांगलीच्याच एका हळदीच्या व्यापाऱ्याचा तिथे बंगला होता. त्यांचा मुलगा ह्यांच्या हाताखाली शिकलेला. त्या ओळखीवर बंगल्यामागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मूळच्या त्या गड्यामाणसांसाठी बांधलेल्या, पण कोरड्या होत्या आणि उन्हाच्या होत्या. आम्हाला तेवढंच हवं होतं.

बंगला एका इंग्रज साहेबाने बांधलेला. चढावर दगडी टाकी होती. विहिरीचं पाणी इंजिनाने त्या टाकीत चढे आणि तिथून लोखंडी नळांनी समोरच्या हिरवळीत उतरे. नळ जमिनीत पुरलेले, आणि हिरवळीत जागोजागी त्यांची तोंडं वर काढून त्यावर पितळेच्या फिरक्या बसवलेल्या. कॉक सोडला की त्या अकरा फिरक्या गरगर फिरायला लागत आणि सगळ्या हिरवळीवर पाण्याची छत्री धरल्यासारखी होई. मे महिन्यात बाजारातली माणसं कुंपणाशी उभी राहून ते बघत; आमच्या दारा-खिडकीतूनही बंगल्याच्या कडेने हिरवळ दिसे. पहिल्या लढाईनंतर वायव्य सरहद्दीवरून परत आल्यावर हवालदारांनीच साहेबासाठी ते नळ टाकले होते. पुढे साहेब बंगला विकून विलायतेला गेला. हवालदार मागेच राहिले. बंगला, टाकी, नळ आणि हवालदार असं सगळंच मालकांकडे आलं.

हवालदारांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती. कुणी विचारलं तर म्हणत, "थंडीनं खाल्ली." उजवा कान बहुतेक वेळा मातीने भरलेला असे, कारण दिवसातून दोनदा ते हिरवळीवर पालथे पडून जमिनीला कान लावत. नळात कुठे गळती आहे का, ते ऐकत. बोटाच्या पेरांनी लोखंड वाजवून बघायची तर त्यांना इतकी सवय होती की आमच्या घरी आले तरी आधी खाटेची दांडी वाजवत, मग ह्यांच्याशी बोलत.

ह्यांचं आणि त्यांचं जमलं ते पाऱ्यामुळे. ह्यांनी खिडकीबाहेर भिंतीला एक तापमापक टांगला होता. शास्त्राच्या मास्तरची सवय, दुसरं काय. सकाळी उजाडलं की हवालदार खिडकीशी येऊन विचारत, "पारा कुठं हाय, मास्तर?" त्याच वेळी मी आत ह्यांच्या तोंडातली नळी काढून उजेडात धरून बघत असे. हे एकदा हसून म्हणाले, "हवालदार, एक पारा वर चढू नये म्हणून ही जपते, दुसरा खाली उतरू नये म्हणून तुम्ही. मी मध्ये नुसता पडून."

हवालदार हसले नाहीत. म्हणाले, "दोनीबी अवघडच."

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "पानी मानसागत न्हाई. मानूस गारठला की आकसतो, पानी गारठलं की फुगतं. आन एकदा फुगलं की कुनाचं ऐकत न्हाई, लोखंडाचंबी न्हाई." हे ऐकल्यावर ह्यांना राहवत नसे. "बरोबर आहे तुमचं, पण ते सरहद्दीवर. पाचगणीची थंडी ती काय? फार तर गवतावरचं दंव गोठेल. हातभर खाली माती उबदार असते. तिथे नळ फुटायचा नाही."

"मातीला कुनी इचारलंय, मास्तर? तुमी इचारलं?"

"नाही."

"मग?"

असं त्या दोघांचं दोन हिवाळे चाललं.

दिवाळी झाली, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली, की तिसऱ्या दिवशी हवालदार नळ निजवत. शब्द त्यांचाच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आंघोळ करून, कोटाच्या सगळ्या खुंट्या लावून ते टाकीपाशी ताठ उभे राहिले आणि स्वतःलाच मोठ्याने हुकूम दिला, "मेन कॉक बंद कर!" मग वाकून कॉक बंद केला, पुन्हा ताठ झाले आणि स्वतःलाच उत्तर दिलं, "बंद किया, साब!" असं प्रत्येक कामाला. हिरवळीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक तोटी होती, ती उघडली की नळातलं पाणी उताराने वाहून जाई. आम्ही म्हणू, झालं. पण त्यांच्या लेखी इथून पुढे काम सुरू होई. बाजारातल्या लोहाराचा भाता ते डोक्यावर घेऊन येत. त्याचं तोंड वरच्या नळाला बांधत आणि दमछाक होईपर्यंत वारा भरत. मग एकेका फिरकीच्या भोकाशी गुडघ्यावर बसून तिथे गाल लावत. आधी पाणी येई, मग नुसते तुषार, मग कोरडा वारा. गाल कोरडा राहिला की म्हणत, "निजला." नाहीतर पुन्हा भात्याकडे.

एकदा मी म्हटलं, "थेंबभर राहिलं तर काय बिघडतं, हवालदार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी ते बोलले नाही.

फिरक्या काढून, पुसून, एरंडेल लावून, चिंध्यांत गुंडाळून ते टाकीपाशीच्या लाकडी पेटीत ठेवत. पहिल्या वर्षी त्यांच्याकडच्या चिंध्या अपुऱ्या पडल्या म्हणून मी माझं जुनं लुगडं फाडून दिलं. तेव्हापासून ते माझं काम झालं. मी पायरीवर बसून तुकडे करून देई, ते गुंडाळत. ह्यांचा डोळा लागलेला असला की मी त्यांच्यामागे टाकीपर्यंतही जाई. खरं सांगायचं तर घरात बसून खोकला ऐकण्यापेक्षा ते बरं वाटे. कुठला कॉक आधी फिरवायचा, कुठला नंतर, चावी किती वेढे द्यायची, हे सगळं मला नकळतच पाठ झालं.

मग पुढे साडेतीन महिने हिरवळ वाळून पिवळी पडे. मालक सांगलीहून क्वचितच हिवाळ्यात येत. आले की कुरकुरत, पण चालवून घेत.

ही खोड कुठून लागली, ते त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेही मला नाही, ह्यांना. दुसरा हिवाळा होता. त्या दुपारी ह्यांच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं होतं. मी पिकदाणी धुवून परत आले तर हवालदार खाटेजवळ जमिनीवर बसलेले, आणि बोलत होते. मला पाहून थांबले नाहीत. ह्यांचं मन दुसरीकडे जावं म्हणून बोलत असतील, किंवा इतकी वर्षं कुणाला सांगावं असं वाटलं नसेल आणि त्या दिवशी वाटलं असेल.

पहिल्या लढाईच्या शेवटी त्यांची तुकडी सरहद्दीवर एका छावणीत होती. छावणीच्या इस्पितळाचं पाणी हवालदारांकडे होतं. थंडी अशी की उघड्यावरचं पाणी तासाभरात दगड होई. म्हणून रोज सांजेला नळ रिकामा करायचा आणि सकाळी पुन्हा भरायचा. एवढंच त्यांचं काम. एका संध्याकाळी गावाकडून पत्र आलं. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या तंबूतल्या कारकुनाकडून वाचून घेतलं. मुलगा झाला होता.

"च्या केला सगळ्यास्नी," हवालदार म्हणाले. "गूळ वाटला. कारकुनाकडनं तीनदा वाचून घेतलं पत्तर. आन तसाच निजलो."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"नळ इसरलो, मास्तर."

सकाळी नळ चाळीस हात उभा चिरलेला होता. इस्पितळाला दोन दिवस पाणी नव्हतं. बर्फ वितळवायचं तर सरपण अपुरं. तापाचे आणि जखमी मिळून पन्नासएक माणसं आत होती. त्या दोन दिवसांत सात गेली. दुरुस्तीला बर्फात हात घालून बसले, तिथे त्यांच्या बोटांची पेरं गेली.

"ती सात जणं तशीही गेली असती कदाचित," हे म्हणाले.

"डाक्टरबी त्येच म्हनला," हवालदार म्हणाले. मग डाव्या हाताची तुटकी बोटं चोळत म्हणाले, "पोराचा काय गुन्हा त्यात? पन त्येच्या तोंडाकडं बगवत न्हाई. म्हनून मी गावाकडं जात न्हाई फारसा."

उठताना त्यांनी खाटेची दांडी वाजवली आणि गेले. ह्यांनी त्या दिवसानंतर मातीचा विषय काढला नाही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी मालकांचं पत्र आलं. मुलीच्या सोयरिकीची बोलणी पाचगणीला करायचं ठरलं होतं. मुलाकडची मंडळी मुंबईची, मोठी. नाताळाच्या सुट्टीत येणार. तेव्हा यंदा नळ बंद करू नयेत, हिरवळ हिरवी राहिली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं होतं. पत्र हवालदारांना मीच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी नेहमीसारखे नळ निजवले. मी लुगड्याचे तुकडे दिले. "मालक रागावतील," एवढं मी म्हणाले. "रागवू दे," ते म्हणाले.

पाहुण्यांच्या आधी आठ दिवस मालक आले. गाडीतून उतरले ते पिवळ्या गवतावरच. मालक वाईट माणूस नव्हते. मुलीच्या लग्नाची काळजी कुठल्याही बापाला असते तशी त्यांना होती, आणि आम्हाला दोन वर्षं त्यांनी आसरा दिला होता. पण त्या दिवशी त्यांचा आवाज माझ्या चुलीपर्यंत ऐकू येत होता.

"आत्ताच्या आत्ता पाणी सोड, हवालदार."

"न्हाई मालक. थंडी गेल्याबिगार न्हाई."

"माझ्या बंगल्यात मला नाही म्हणतोस?"

"बंगल्याला न्हाई म्हनलो का? नळाला म्हनलो. मी जित्ता हाय तवर ह्या दिसात पानी सुटायचं न्हाई."

"मग चालू लाग."

हवालदारांनी कोटाच्या खिशातून कॉकची चावी काढली, व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली, ताठ उभे राहून सलाम केला आणि फाटकातून निघून गेले. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी अशी संपली. तासाभरात गड्यांकडून कळलं, ते बाजारात लोहाराच्या पडवीत जाऊन राहिले होते.

दुपारी मालक आमच्या दाराशी आले. आत येऊन ह्यांच्या उशाशी बसले, तब्येत विचारली. ताप उतरत नव्हता. ह्यांना बोलायलाही दम लागत होता. मग मालक मला बाहेर अंगणात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरच्यासारख्या. गडी नळाला हात लावायला भितात, कुठून सुरू करायचं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही म्हणे हवालदाराबरोबर असायच्या."

आतून ह्यांचा खोकला ऐकू आला.

"पाहुण्यांबरोबर ड्रायव्हर येणार, गडी येणार. आमची मंडळी म्हणत होती, मागच्या खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. मी म्हटलं, मास्तर आजारी आहेत, कुठे जातील? बघू काहीतरी." आणि त्यांनी चावी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली.

हिरवळीच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन मी तोटी आधी बंद केली. मग टाकीपाशी पेटी उघडून एकेक फिरकी काढली, एरंडेल पुसलं आणि जागच्या जागी बसवली. अकरावी बसवून झाल्यावर मेन कॉक फिरवला. जरा वेळ नळातून घरघर आवाज आला, मग एकदम अकराच्या अकरा फिरक्या फिरू लागल्या. व्हरांड्यातून मालक म्हणाले, "वा वहिनी! तुम्हाला येतं की!" आणि लपवण्यात अर्थ नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. दोन वर्षांत माझ्या हातून काही नीट पार पडल्याचं ते पहिलंच होतं.

घरात आले तर हे जागे होते. खिडकीतून तुषार दिसत होते. "तू सोडलंस?"

"हो."

"बरं केलंस," हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पाहुणे आले तोवर गवताला कोवळी हिरवी धार फुटली होती. बोलणी चांगली चालली होती. आणि चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर समोर सगळं पांढरं. बंगल्याची जागा खोलगट, तिथे थंडी येऊन बसत असे, पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. गवताचं प्रत्येक पातं मीठ लावल्यासारखं. अंगणातल्या दोरीवर ह्यांचं धोतर पत्र्यासारखं ताठ झालेलं. तापमापकातला पारा शून्याच्या खाली उतरला होता.

त्या पांढऱ्यावर मधोमध हवालदार पालथे पडलेले होते. कान जमिनीला. अनवाणी पावलांची रांग फाटकापासून तिथपर्यंत आलेली दिसत होती. मी जवळ जाऊ शकले नाही. दाराची चौकट धरून उभी राहिले. माझ्या मनात एकच चाललं होतं, आता नळ फुटलेला निघणार आणि तो मी फोडलेला असणार.

तेवढ्यात पाहुण्यांच्या मुली शाली गुंडाळून धावत बाहेर आल्या, गवतावरचं हिम मुठीत घेऊन खिदळू लागल्या. मागोमाग मालक आले. त्यांनी हवालदारांना पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं, पण पाहुण्यांसमोर ते हसले. "हा आमचा जुना हवालदार. थंडीने नळ फुटतात म्हणतो. बघू या का आज?" आणि एका गड्याला त्यांनी टाकीकडे पिटाळलं. मी रोज कॉक सोडते ते त्याने पाहून ठेवलं होतं.

हवालदार उठून उभे राहिले. कोटाच्या पुढच्या बाजूला सगळं पांढरं चिकटलेलं.

नळ घरघरला. फिरक्यांनी चार-दोन बर्फाचे खडे थुंकले. मग पहिली फिरकी हलली, मग दुसरी, आणि बघता बघता अकराही फिरू लागल्या. मुली किंचाळून व्हरांड्यात पळाल्या. सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या.

"काय झालं, हवालदार?" मालक म्हणाले. "काही झालं का? ये परत कामावर. झालं गेलं विसरलो मी."

हवालदार वळले. भिजत भिजत ते एकेका फिरकीपाशी गेले, वाकून नळाला हात लावला. चढावर टाकीपर्यंत गेले, तिथल्या पेटीत डोकावून पाहिलं. मग खाली येऊन आमच्या खिडकीशी उभे राहिले. कोटातून पाणी गळत होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "हितली माती गोठतच न्हाई, न्हाई का? तुमी सांगितलं हुतं."

हे उशीला टेकून बसले होते. ह्यांना खोटं बोलता आलं असतं. ह्यांनी खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरची गोठते, हवालदार. खालची नाही. पण तुम्ही होता म्हणून इतक्या वर्षांत एकसुद्धा नळ गेला नाही."

"त्यो तसाबी गेला नसता," हवालदार म्हणाले.

ते परत कामावर आले नाहीत. दोन दिवसांनी लोहाराने सांगितलं, पहाटेच्या मोटारीने गावाकडे गेले. कोट पडवीतच टाकून गेले.

माघ संपता संपता हे गेले. शेवटपर्यंत नळाबद्दल किंवा हवालदारांबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. मी सांगलीला परत आले, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागले. दिवस जात. पण अंथरुणाला पाठ टेकली की ती पांढरी सकाळ समोर येई. नळ फुटला असता तर मी अपराधी ठरले असते. फुटला नाही, तरी मी सुटले नव्हते, आणि का सुटले नव्हते हे मला कुणाला सांगता येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लोहाराकडून पत्ता मागवला. गाव पलूसच्या पलीकडे निघालं. मोटारीने पलूसला उतरले, तिथून दोन कोस उसाच्या कडेने चालत गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात एक तरणा, उंच माणूस विळ्याला धार लावत होता. सरहद्दीवरच्या पत्रातला तो मुलगा.

"दादा मागं बसल्यात," तो म्हणाला. "बोलत न्हाईत ते जास्ती. बगा तुमी."

हवालदार गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. इतका लहान माणूस त्या कोटात राहत होता! मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं, बसा. ह्यांचं सांगितलं. त्यांना कळलेलं होतं. सून तांब्याभर पाणी ठेवून दाराशी थांबली. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. तसं बोलायला लागले असते तर तशीच परत गेले असते.

"हवालदार, ते पाणी मी सोडलं होतं."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"पेटीत लुगड्याच्या चिंध्या घडी घालून ठिवल्या हुत्या. गडीमानूस चिंध्यांच्या घड्या घालतो व्हय?"

मी खाली मान घालून बसले. ते जाऊ द्या म्हणतील, तुमचा काय इलाज होता म्हणतील, असं मला वाटलं. सगळे तेच म्हणाले असते. पण हवालदार बाजेवरून उठले. ताठ उभे राहिले. आणि गोठ्यातली जनावरं बुजतील एवढ्या आवाजात ओरडले, "उठा! हुब्या ऱ्हावा!"

मी उभी राहिले.

"नळ कुनाच्या ताब्यात हुता?"

"तुमच्या."

"मला इचारलं?"

"नाही."

"मी लोहाराच्या पडवीत बसल्यालो, दोनशे पावलांवर. आलासा तिथवर?"

"नाही."

"का न्हाई?"

"भीती वाटली," मी म्हटलं. "खोल्या गेल्या असत्या. तशा तापात ह्यांना कुठे नेलं असतं?"

"मग त्येच येऊन सांगायचं हुतं!" त्यांचा आवाज फुटला. "एक शबुद सांगायचा हुता. मास्तरासाठी म्या सोताच्या हातानं पानी सोडलं असतं!"

मुलगा विळा हातात घेऊन धावत आला. "दादा, आवं काय ह्ये? पाव्हण्या बाईस्नी..." हवालदारांनी त्याला हाताने थांबवलं. मी रडत होते. ह्यांच्या मागे मी चारचौघांत रडले ती तेव्हाच.

ते बाजेवर टेकले. धाप लागली होती. मग साध्या आवाजात म्हणाले, "बसा आता. राग धरू नका. मला त्यायेळी कुनीबी बोललं न्हाई. सात मानसं गेली, आन सायबानं पाठीवर हात ठिवला. नळ जुना हुता म्हनून कागदावर लिवलं. बाकीच्यांनी बिडी दिली. एकजन एक शबुद वाकडा बोलला न्हाई. म्हनून तुमास्नी बोललो. तुमी हितवर चालत आलासा, मंग मला बोलाया नगं?"

मी पदराने तोंड पुसलं. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि तुम्हाला आता कुणी बोललं, हवालदार, तर?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता, काही न समजून. मग उसाकडे पाहिलं.

"ज्यांनी बोलायचं, ती सातीजनं तवाच गेली की, मास्तरीणबाई," ते म्हणाले. आणि सुनेकडे वळून म्हणाले, "बाईस्नी भाकरी वाढ. गाडीला अजून येळ हाय."